छापील कर-फॉर्मवर रिपोर्टचा डेटा बसवणे : प्रकल्प नोंदी

९ मे

आजपासून हे काम माझ्याकडे आलंय. अ‍ॅक्सेसमधला (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) डेटाबेस आहे, त्यात लोकांची वर्षभराची रक्कम आणि कापलेला कर, आणि तो डेटा आधीच छापून आलेल्या कर-प्रमाणपत्राच्या फॉर्मवर बरोबर घरांमध्ये छापायचा. फॉर्म एफोर कागदावर आहे, एका कागदावर दोन सारखेच फॉर्म, वर एक खाली एक, मध्ये परफोरेशन. फाडून दोन वेगळ्या माणसांना द्यायचे. साडेतीनशेच्या आसपास माणसं, म्हणजे पावणेदोनशे कागद, आणि प्रत्येक फॉर्मवर अनुक्रमांक छापलेला, त्यामुळे वाया गेलेल्या प्रत्येक कागदाचा हिशोब ठेवायचा आहे.

रिपोर्ट (डेटा छापायचा आराखडा) आधीचा बनवलेला आहे पण नीट बसत नाही. अकाउंटच्या मॅडमनी गेल्या वर्षीचा एक फॉर्म दाखवला, त्यात कापलेल्या कराचा आकडा दोन घरांच्या मधल्या रेघेवर पडलाय, अर्धा वरच्या घरात अर्धा खालच्या. एक निवृत्त काका तो फॉर्म घेऊन परत आले होते की हा आकडा एकूण रकमेचा समजायचा की कराचा. त्यांचं बरोबरच आहे, आकडा डेटाबेसमध्ये कितीही अचूक असला तरी चुकीच्या घरात पडला की घेणाऱ्यासाठी तो चुकीचाच आकडा आहे. मला हे काम "थोडं इकडेतिकडे सरकवून" संपवायचं नाहीये, नीट करायचंय.

आज फक्त जुना रिपोर्ट उघडून बघितला. प्रत्येक टेक्स्ट बॉक्सची (ज्या चौकटीत एकेक आकडा किंवा मजकूर छापला जातो तिची) जागा विचित्र, एकाच ओळीतल्या दोन बॉक्सचं टॉप, म्हणजे वरून अंतर, वेगळं, कुणीतरी प्रिंट काढत गेलंय आणि एकेक बॉक्स कीबोर्डच्या अ‍ॅरोने ढकलत गेलंय असं स्पष्ट दिसतं.

१० मे

दिवसभर मोजमाप. फॉर्मचे पाच कोरे कागद घेतले (अनुक्रमांक लिहून ठेवले), स्टीलची पट्टी, बारीक पेन्सिल. नियम एकच ठेवला, प्रत्येक माप कागदाच्या डाव्या कडेपासून आणि वरच्या कडेपासून, आधीच्या घरापासून नाही. घरापासून घर मोजत गेलं की प्रत्येक मापातली बारीक चूक पुढच्यात मिसळते आणि शेवटच्या घरापर्यंत ती दिसण्याइतकी मोठी होते.

याचं अगदी ताजं उदाहरण म्हणजे कर क्रमांकाची १० छोटी घरं. एक घर मोजलं तर पट्टीवर ५ मिमी वाटतं. पण पहिल्या घराच्या डाव्या रेघेपासून दहाव्याच्या उजव्या रेघेपर्यंत मोजलं तर ५१ मिमी भरतं, म्हणजे एक घर ५.१ चं आहे. हा ०.१ चा फरक नऊ घरांनंतर जवळजवळ १ मिमी होतो आणि शेवटचं अक्षर मधोमध न बसता रेघेकडे सरकलेलं दिसतं. आधीच्या रिपोर्टमध्ये ५ धरलं होतं.

सगळी मापं एका टेबलमध्ये टाकली : घराचं नाव, डावीकडून, वरून, रुंदी, उंची, सगळं मिमीमध्ये. दोन फॉर्ममधलं अंतर पाचही कागदांवर बरोबर १४८.५ मिमी, म्हणजे एफोरच्या २९७ चा अर्धा. फॉर्ममधली शेवटची रेघ त्याच्या वरच्या कडेपासून १३६ मिमीवर. हा १३६ पुढे कामाला येणार आहे.

११ मे

फॉर्म ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) स्कॅन केला. एफोरचं चित्र २४८० बाय ३५०८ पिक्सेल येतं, तेवढंच आलं, म्हणजे स्कॅनरने कुठे कापलं नाही. वरचा अर्धा भाग कापून डिटेल सेक्शनमध्ये (रिपोर्टचा प्रत्येक माणसामागे एकदा छापला जाणारा भाग) इमेज कंट्रोल म्हणून सगळ्यात मागे ठेवला, त्यावर बॉक्स मांडायला सोपं जातं. पण जागा चित्र बघून ठरवायची नाही, मापाच्या टेबलवरूनच ठरवायची, चित्र फक्त नजरेला आधार, कारण कागद स्कॅनरच्या काचेवर अर्धा अंश जरी तिरका ठेवला गेला असेल तरी चित्र खोटं बोलतं. छापताना हे चित्र व्हिजिबल नो.

स्नॅप टू ग्रिड (बॉक्स आपोआप जवळच्या जाळीरेघेला चिकटवणारी सोय) बंद केलं. बॉक्स माऊसने ओढायचेच नाहीत असं ठरवलं, प्रॉपर्टी शीटमध्ये लेफ्ट आणि टॉप सेंटीमीटरमध्ये थेट टाइप करायचं. आत अ‍ॅक्सेस सगळं ट्विपमध्ये ठेवतं, एका इंचात १४४० ट्विप म्हणजे एका मिमीत साधारण ५६.७, त्यामुळे सेंटीमीटरमध्ये टाकलेला आकडा शेवटी किंचित बदललेला दिसतो, ०.०२ मिमीपेक्षा कमी फरक असतो तो, त्याचा त्रास करून घ्यायचा नाही.

कर क्रमांकासाठी १० वेगळे बॉक्स केले, प्रत्येकात मिड फंक्शनने एकेक अक्षर, मध्यभागी अलाइन. एका बॉक्समध्ये अक्षरांच्या मध्ये स्पेस टाकून बसवायचा प्रकार जुन्या रिपोर्टमध्ये होता, तो फॉन्ट बदलला की कोलमडतो.

१३ मे

पहिली प्रिंट. साध्या कागदावर, फॉर्मवर नाही. साधा कागद फॉर्मवर ठेवायचा, दोन्ही कडा जुळवायच्या आणि खिडकीच्या काचेवर धरायचं, आरपार सगळं दिसतं. फॉर्म वाया जात नाहीत.

बसलं नाही. आणि कसं बसलं नाही ते बघण्यासारखं होतं, कागदाच्या वरच्या ओळी साधारण ४ मिमी खाली, खालच्या फॉर्ममधल्या तळाच्या ओळी तेवढ्याच वर, आणि मधल्या भागात जवळजवळ बरोबर. डावीउजवीकडेही तसंच, दोन्ही बाजूंनी आत ओढल्यासारखं. नुसती जागा सरकली असती तर सगळीकडे एकाच दिशेला सारखंच सरकलं असतं. हे आक्रसलंय.

मग चाचणीचा एक वेगळा रिपोर्ट केला ज्यात काहीच डेटा नाही, फक्त १०० मिमीची एक आडवी रेघ, एक उभी, आणि चार कोपऱ्यांत फुल्या. प्रिंट काढून मोजलं तर १०० ची रेघ ९७ भरली. दोन्ही रेघा.

कारण दहा मिनिटांत सापडलं. इथे पद्धत अशी आहे की रिपोर्ट आधी पीडीएफ करतात, मॅडम ती तपासतात, आणि मग पीडीएफमधून छापतात. तिथल्या प्रिंटच्या खिडकीत "फिट" निवडलेलं होतं, म्हणजे प्रिंटरला जिथपर्यंत छापता येतं तेवढ्या जागेत अख्खं पान आक्रसून बसवतात. "अ‍ॅक्च्युअल साइज" केलं, १०० ची रेघ १०० भरली.

आता कळतं की जुना रिपोर्ट तसा का होता. ज्याने केला त्याने आक्रसलेली प्रिंट बघूनच एकेक बॉक्स ढकलला, वरचे वर, खालचे खाली, जोपर्यंत त्या प्रिंटरवर त्या सेटिंगने बसलं. मग एखाद्या वर्षी कुणी थेट अ‍ॅक्सेसमधून छापलं असेल किंवा प्रिंटर बदलला असेल आणि सगळं विस्कटलं. म्हणून आजपासून या प्रकल्पाचा नियम, फॉर्मचं माप वेगळं आणि प्रिंटरची चूक वेगळी. फॉर्मचं माप रिपोर्टच्या डिझाइनमध्ये, ते पट्टीने मोजलेलं, त्याला प्रिंट बघून हात लावायचा नाही. प्रिंटरची चूक दुसरीकडे कुठेतरी एका जागी दुरुस्त करायची, सगळ्या पानाला एकदम.

१४ मे

मार्जिनचा हिशोब. हा वाटला त्यापेक्षा किचकट निघाला.

लेझर प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही, आपल्याकडच्याला चारही बाजूंनी काही मिमी जागा लागते. मार्जिन शून्य दिलं तरी तो शून्य घेत नाही. मी वरचं मार्जिन ८ मिमी ठेवलं, म्हणजे पुढे कधी डेटा वर सरकवायची वेळ आली तर जागा राहील. टेबलमधल्या सगळ्या उभ्या मापांतून ८ वजा केले आणि डावं मार्जिन पण ८ म्हणून आडव्या मापांतूनही.

आता एका पानावर दोन रेकॉर्ड. सरळ विचार केला तर डिटेल सेक्शनची उंची १४८.५ ठेवायची. पण ८ मिमीपासून सुरू होऊन पहिलं डिटेल १५६.५ ला संपतं, दुसरं ३०५ ला, आणि कागदच २९७ चा आहे. दुसरा रेकॉर्ड मावतच नाही, तो पुढच्या पानावर जातो, प्रत्येक कागदावर एकच फॉर्म भरला जातो. असंच झालं.

तो १३६ इथे उपयोगी पडला. फॉर्ममध्ये १३६ मिमीच्या खाली काही छापायचंच नाहीये. म्हणून डिटेलची उंची १३३ केली (८ अधिक १३३ म्हणजे १४१ पर्यंत पोचतं, पुरेसं आहे) आणि उरलेले १५.५ मिमी एका रिकाम्या ग्रुप फूटरला (गटाच्या शेवटी येणारा भाग) दिले, ग्रुप प्रत्येक माणसाच्या आयडीवर. १३३ आणि १५.५ मिळून १४८.५. दुसरं डिटेल आता २८९.५ ला संपतं, खालचं मार्जिन ५ ठेवलंय म्हणजे २९२ पर्यंत जागा आहे, अडीच मिमी शिल्लक.

पहिलं पान सुंदर बसलं, दोन्ही फॉर्म. खूप बरं वाटलं. दुसरं पान बघितलं तर सगळा डेटा बराच खाली, मोजलं तर बरोबर १५.५ मिमी. आकडा बघूनच उत्तर कळलं, दुसऱ्या रेकॉर्डचा फूटर पहिल्या पानावर मावत नाही म्हणून तो पुढच्या पानाच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि तिथला पहिला फॉर्म तेवढाच खाली ढकलतो. म्हणजे फूटर फक्त पानावरच्या पहिल्या रेकॉर्डनंतर हवा, दुसऱ्यानंतर नको. फूटरच्या फॉरमॅट इव्हेंटमध्ये (सेक्शन पानावर मांडताना चालणारा कोड) कॅन्सल ट्रू केलं की तो सेक्शन जागाच घेत नाही. एक काउंटर ठेवला, सम आकडा आला की कॅन्सल.

१६ मे

काउंटरने फसवलं. प्रिव्ह्यूमध्ये सगळी पानं बरोबर आणि प्रिव्ह्यूमधूनच प्रिंट दिली की मधूनच उलटं, पहिल्यानंतर फूटर नाही आणि दुसऱ्यानंतर आहे. कारण फॉरमॅट इव्हेंट रेकॉर्डमागे एकदाच चालतो असं धरून चाललो होतो, तसं नसतं. सेक्शन मावतो का बघायला अ‍ॅक्सेस तो पुन्हा फॉरमॅट करू शकतं, प्रिव्ह्यूत मागच्या पानावर गेलं की पुन्हा चालतो, आणि प्रिव्ह्यूमधून प्रिंट दिली की अख्खा रिपोर्ट नव्याने फॉरमॅट होतो पण आपला व्हेरिएबल जुन्याच आकड्यावरून पुढे मोजत राहतो.

व्हेरिएबल काढून टाकला. डिटेलमध्ये एक लपवलेला टेक्स्ट बॉक्स, कंट्रोल सोर्स बरोबर १, रनिंग सम (चालती बेरीज) ओव्हर ऑल. त्यामुळे प्रत्येक रेकॉर्डला त्याचा क्रमांक अ‍ॅक्सेसच देतं, कितीही वेळा फॉरमॅट झालं तरी सातव्याचा आकडा सातच. फूटरमध्ये त्या आकड्याचा मॉड २ (२ ने भागून उरणारी बाकी) शून्य आला की कॅन्सल. प्रिव्ह्यूत पुढेमागे फिरलो, मधली पानं छापली, पुन्हा सगळी छापली, दरवेळी बरोबर.

१७ मे

आज जागा नाही, आकडेच. फॉर्मवर पूर्ण रक्कम आणि शंभरावा भाग यांच्यामध्ये उभी रेघ छापलेली आहे, म्हणून दोन बॉक्स लागतात. जुन्या रिपोर्टमध्ये डाव्या बॉक्समध्ये इंट (फक्त पूर्णांक) आणि उजव्यात अपूर्णांक गुणिले १०० असं होतं. एका माणसाच्या फॉर्मवर डावीकडे १२४९ आणि उजवीकडे १०० दिसलं!

करन्सी टाइपमध्ये अ‍ॅक्सेस दशांशानंतर चार स्थळं ठेवतं. टक्केवारी लावून आलेला कर १२४९.९९७५ होता. इंट केलं १२४९, उरलेलं ९९.७५, ते दोन अंकांत फॉरमॅट करताना १०० झालं. म्हणजे खरी रक्कम १२५०.०० आणि फॉर्मवर भलतंच. आता आधी पूर्ण रक्कम "०.००" मध्ये फॉरमॅट करून मजकूर करतो आणि त्याचेच दोन तुकडे करतो, डावा आणि उजवा, त्यामुळे दोन्ही एकाच राउंडिंगमधून येतात. सगळ्या रेकॉर्डवर क्वेरी लावून बघितलं, अशी चार माणसं होती. त्यांची यादी मॅडमना दिली, गेल्या वर्षीच्या प्रती पण तपासायला सांगितलं.

हे सापडलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला. फॉर्म सरकलेला असला तर निदान दिसतो तरी. हा बरोबर घरात, सुबक, ठळक छापलेला चुकीचा आकडा होता.

२० मे

पत्त्याच्या दुसऱ्या ओळीने दोन दिवस खाल्ले. काही माणसांच्या फॉर्मवर पत्त्याखालचं सगळं एक ओळ वर जात होतं, काहींवर नाही, आणि मी प्रिंटर कागद नीट ओढत नाही म्हणून ट्रे काढून बघत बसलो. कागदाचा काही संबंध नव्हता. ज्यांच्या पत्त्याला दुसरी ओळ नाही त्यांचंच असं होत होतं. कॅन श्रिंक यस होतं. रिकामा बॉक्स आक्रसतो आणि खालचं वर येतं, साध्या पत्रात हेच हवं असतं, छापील फॉर्मवर अजिबात नको. सगळ्या बॉक्सचं आणि सेक्शनचं कॅन ग्रो (मजकूर मावत नसेल तर बॉक्स वाढणं), कॅन श्रिंक दोन्ही नो केलं, एकही सोडला नाही. काही माणसांचंच बिघडत असेल तर आधी डेटा बघायचा, सगळ्यांचं बिघडत असेल तर कागद आणि प्रिंटर, हे मला पहिल्याच तासात सुचायला हवं होतं.

कॅन ग्रो बंद केल्यावर लांब नावं कापली जाऊ लागली. डिटेलच्या फॉरमॅटमध्ये नावाची लांबी ३२ अक्षरांच्या वर असेल तर फॉन्ट ८, नाहीतर १०. तो "नाहीतर" लिहिणं गरजेचं आहे, नाही लिहिलं तर एका लांब नावानंतर पुढच्या सगळ्यांची नावं बारीक छापतात.

२२ मे

दुसरा प्रिंटर. पहिला बिझी असला की याच्यावर छापतात. तोच रिपोर्ट, तीच सेटिंग, रेघ १०० ची १००, पण सगळा डेटा १.५ मिमी उजवीकडे आणि साधारण १ मिमी वर. सगळीकडे सारखंच, म्हणजे ही निव्वळ सरक. १३ तारखेला ठरवलेल्या नियमाची आज परीक्षा होती आणि डिझाइनला हात लावायची गरज पडली नाही.

एक छोटं टेबल केलं, प्रिंटरचं नाव, आडवी दुरुस्ती, उभी दुरुस्ती, ट्विपमध्ये. रिपोर्टच्या ओपन इव्हेंटमध्ये (रिपोर्ट उघडताना चालणारा कोड) प्रिंटर ऑब्जेक्टच्या डिव्हाइसनेमवरून ओळ शोधायची आणि लेफ्टमार्जिन, टॉपमार्जिनमध्ये ती मिळवायची. दुसऱ्या प्रिंटरला आडवी उणे ८५, उभी अधिक ५७. अख्खं पान एकसाथ सरकतं, बॉक्सची आपापसातली अंतरं तशीच. प्रिंटरचं नाव टेबलमध्ये नसेल तर रिपोर्ट उघडतच नाही, मेसेज देतो की आधी चाचणीचं पान छापा आणि मोजा. पीडीएफ करतानासुद्धा कुठल्या प्रिंटरवर छापणार ते आधी निवडावं लागतं, कारण दुरुस्ती पीडीएफमध्येच जाते.

उभ्या दुरुस्तीला खाली जायला अडीच मिमीच जागा आहे हे त्या टेबलमध्ये आकडे भरायच्या स्क्रीनवर लिहून ठेवलं आणि त्यापेक्षा जास्त आकडा टाकू दिला नाही, नाहीतर दुसरा रेकॉर्ड पुढच्या पानावर उडेल.

एकाच प्रिंटरचे दोन ट्रे पण सारखे नाहीत. हाताने कागद घालायच्या ट्रेमधून जवळजवळ १ मिमीचा फरक पडतो, बाजूच्या पट्ट्या सैल असल्या तर कागद तिरकाही जातो. म्हणून ठरवलं, फॉर्म खालच्या ट्रेमधूनच, पट्ट्या कागदाला टेकवून, गठ्ठा आधी पिंजून.

२४ मे

फॉर्मचा नवीन गठ्ठा उघडला आणि बरं झालं की आधी मोजला. या गठ्ठ्यात फॉर्मची छपाईच ०.८ मिमी खाली आहे, छापखान्यात कापताना होतं असं. घरांची आपापसातली मापं तीच. टेबलमध्ये गठ्ठ्यासाठी वेगळी दुरुस्ती ठेवायचा मोह झाला, पण छापणाऱ्याला दरवेळी ती निवडावी लागेल आणि कुणीतरी विसरेल. त्याऐवजी सगळे आकडे घराच्या उंचीच्या मधोमध बसवले, आधी मी ते खालच्या रेघेला जवळ ठेवले होते. घर ७ मिमी उंच आहे, १० पॉइंटचा अंक जेमतेम अडीच मिमी उंच दिसतो, म्हणजे वरखाली दोन मिमीची मोकळीक मिळते. गठ्ठ्याचा आणि ट्रेचा फरक त्यात जिरतो.

खरं तर कागद ओढणारं यंत्र दरवेळी अर्धा मिमी तरी इकडेतिकडे करणारच, त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. लागोपाठ पाच कागद छापून मोजायचे आणि सरासरी घ्यायची, एका कागदावरून दुरुस्ती ठरवायची नाही.

२७ मे

खरी छपाई. आधी साध्या कागदावर दहा पानं, खिडकीवर धरून मॅडमनी आणि मी दोघांनी बघितली. मग फॉर्मवर पाच, मग २५-२५ च्या हप्त्यांनी, प्रत्येक हप्त्याचा पहिला आणि शेवटचा कागद मोजून. तिसऱ्या हप्त्यात एक कागद तिरका गेला, तो बाजूला काढला. दोन कागद एकदम ओढले गेले तेव्हा लगेच थांबवलं, कारण अनुक्रमांक आणि माणूस यांची जोडी डेटाबेसमध्ये नोंदवतोय, एक कागद सुटला तर पुढचे सगळे क्रमांक चुकतात. शेवटच्या क्रमांकापासून पुन्हा सुरू करायची सोय परवाच टाकली होती, ती आजच लागली.

मोजमापाचे पाच धरून एकूण आठ कागद वाया, सगळ्यांचे क्रमांक रजिस्टरमध्ये.

२८ मे

निवृत्त काका आज त्यांचा फॉर्म न्यायला आले. गेल्या वर्षीचाही सोबत आणला होता, मॅडमनी तो दुरुस्त करून नव्याने छापून दिला. त्यांनी चष्मा लावून कराच्या घरावर बोट ठेवलं, आकडा वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला.

मापाचं टेबल, चाचणीचं पान आणि दुरुस्तीचं टेबल डेटाबेसमध्येच ठेवलंय, मेन्यूवर वेगळं बटण देऊन. पुढच्या वर्षी फॉर्मची रचना बदलली तर १० तारखेची नोंद वाचून पुन्हा कडेपासून मोजायचं. चार चुकीच्या राउंडिंगवाल्यांपैकी दोघांच्या जुन्या प्रती अजून मिळालेल्या नाहीत, त्या मिळेपर्यंत ही फाइल उघडीच ठेवतोय.